वर्षाला लांबी दिली म्हणजे

जेधे शकावली वाचताना नजर एका नोंदीवरून दुसऱ्या नोंदीवर उतरत जाते. शक, संवत्सर, महिना, तिथी, वार आणि मग घटना. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातली ही टिपणं लोकमान्य टिळकांनी १९१६ साली उजेडात आणली आणि शिवकालाच्या अभ्यासाला पक्का पाया मिळाला. सुरुवात आहे शके १५४० मधल्या औरंगजेबाच्या जन्माने, शेवट शके १६१९ मध्ये. म्हणजे इसवी सन १६१८ ते १६९७ हा काळ तीत आला आहे. एखाद्या वर्षात नोंदींची दाटी आहे, तर कुठे मधली वर्षं सुटली आहेत. पण पानावर ओळीखाली ओळ येते. दोन नोंदींत आठ दिवस गेले असोत की दोन वर्षं, दोन ओळींमधलं अंतर तेवढंच राहतं.

यादीतून क्रम कळतो, काळाचं माप कळत नाही. हे माप डोळ्यांना दिसायला हवं असेल तर एकच गोष्ट करावी लागते: वर्षाला लांबी द्यायची आणि ती शेवटपर्यंत बदलायची नाही. ऐकायला अगदी साधं वाटतं, पण एकदा हा नियम पाळायचा ठरवला की इतिहासाकडून फार कठोरपणे उत्तरं मागावी लागतात.

युरोपातही हजार-बाराशे वर्षं काळाची मांडणी कोष्टकांतच होत होती. चौथ्या शतकात युसेबियसने निरनिराळ्या राज्यांचे स्तंभ शेजारी शेजारी लावून जगाचा कालक्रम मांडला आणि पुढच्या पिढ्यांनी तोच साचा गिरवला. सगळ्या वर्षांना सारखी लांबी द्यायची हे पॅरिसच्या बार्ब्यू-द्युबूर या वैद्याने १७५३ साली नेटाने करून दाखवलं. त्याचा कालपट सुमारे साडेसोळा मीटर लांब झाला. तो दोन रुळांवर गुंडाळून पेटीत बसवावा लागला आणि मूठ फिरवत वाचावा लागे. प्रामाणिक मापाने काळ मांडायचा तर कागद किती लागतो, हे त्या पेटीवरून कळतं.

मात्र वाचकाच्या मनात हा विचार रुजवला तो जोसेफ प्रीस्टलीने. पुढे ऑक्सिजनच्या शोधामुळे नावाजलेला हाच तो प्रीस्टली. त्या वेळी तो इंग्लंडमधल्या वॉरिंग्टन इथे शिकवत होता. १७६५ साली त्याने चरित्रांचा तक्ता छापला: सुमारे तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच असा एकच कागद, त्यावर इसवी सनापूर्वी १२०० पासून इसवी सन १८०० पर्यंतची तीन हजार वर्षं आणि सुमारे दोन हजार माणसं. एका माणसाला एक आडवी रेघ, जन्मापासून मृत्यूपर्यंत. राजकारणी आणि योद्धे एका पट्ट्यात, गणिती आणि वैद्य दुसऱ्यात, कवी आणि कलावंत तिसऱ्यात, असे एकूण सहा पट्टे. तक्त्यावर मजकूर जवळजवळ नाही, आणि तरीही समोर धरताक्षणी कळतं की विद्येच्या पट्ट्यात कुठे शतकंच्या शतकं विरळ गेली आणि अलीकडच्या दोन शतकांत किती दाटी झाली. ही दाटी आणि हा विरळपणा कोणत्याही ग्रंथात वाक्यांनी सांगता येईल, पण तो असा एका नजरेत पटणार नाही.

त्या तक्त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे ठिपके. माणसाचा जन्म किंवा मृत्यू नक्की ठाऊक असेल तर प्रीस्टली सलग रेघ ओढतो, नसेल तर ठिपके देतो. अज्ञानालाही त्याने मापात जागा दिली. या ठिपक्यांकडे आपल्याला पुन्हा यावं लागणार आहे.

आता हेच माप घरच्या इतिहासाला लावून पाहू. आलेख कागदाच्या पट्ट्या एकापुढे एक चिकटवा आणि एका महिन्याला एक मिलिमीटर द्या. १६३० च्या फेब्रुवारीपासून १६८० च्या एप्रिलपर्यंतचं शिवाजी महाराजांचं आयुष्य साठ सेंटिमीटरांत, म्हणजे जेमतेम दोन फुटांत मावतं. आता घटना टाकायला लागा. अफझलखानाची भेट १० नोव्हेंबर १६५९. पन्हाळ्याचा वेढा आणि तिथून निसटणं १६६० चा जुलै. शाहिस्तेखानावरचा छापा एप्रिल १६६३, सुरत जानेवारी १६६४, पुरंदरचा तह जून १६६५, आग्र्याहून सुटका १७ ऑगस्ट १६६६. चौथीच्या वर्गापासून प्रत्येक मराठी मुलाला जे शिवचरित्र तोंडपाठ असतं, त्यातला बहुतेक भाग या साठ सेंटिमीटरांपैकी आठ सेंटिमीटर आणि एक मिलिमीटरात आहे.

त्याच्या डावीकडे जवळजवळ छत्तीस सेंटिमीटर आहेत, आणि त्यात आपल्याला आठवतात अशा जागा बोटांवर मोजण्याइतक्या. उजवीकडे आग्र्यापासून कोंढाण्यापर्यंत, म्हणजे फेब्रुवारी १६७० पर्यंत, चार सेंटिमीटर आहेत. गोष्ट सांगताना आपण ही साडेतीन वर्षं एका वाक्यात ओलांडतो. पण याच काळात मोगलांशी सलोखा होता, संभाजीराजे मनसबदार म्हणून औरंगाबादेला गेले होते, राज्याची घडी बसत होती. वाक्यात काहीच न दिसणारी ही वर्षं पट्टीवर चार सेंटिमीटर लांबीची दिसतात आणि इथे काय चाललं होतं, असं विचारतात. अभ्यासाला बसलेल्या मुलाला हा प्रश्न शिक्षकाने विचारण्यापेक्षा पट्टीने विचारलेला बरा, असं माझं मत आहे.

दुसरी गोष्ट समकालाची. कथनाला एका वेळी एकच धागा धरता येतो. पन्हाळ्याची हकिगत संपल्यावर चाकणची सुरू होते. वाचणाऱ्याला वाटतं की एक झालं, मग दुसरं झालं. पट्टीवर दोन रेघा एकीखाली एक ओढा: वर सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला पडलेला वेढा, खाली शाहिस्तेखानाचा चाकणच्या संग्रामदुर्गाला पडलेला वेढा. जून ते ऑगस्ट १६६० या काळात फिरंगोजी नरसाळा चाकण लढवत होता आणि महाराज पन्हाळ्याहून निसटले ते त्या लढ्याच्या ऐन मध्यावर. एकाच पावसाळ्यात दक्षिणेला आदिलशाही फौज आणि उत्तरेला मोगल. महाराजांना किती घाई होती, विशाळगडाची ती रात्र कोणत्या दडपणाखाली आली होती, हे त्या दोन रेघा एकमेकींवर आल्यावर अंगावर येतं.

मात्र ठिपका टाकण्यासाठी पेन्सिल टेकवली की खरी अडचण सुरू होते. तो नेमका कुठे टाकायचा?

राज्याभिषेकाची तारीख ६ जून १६७४. ती शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. त्या वेळी हेन्री ऑक्झेंडेन हा इंग्रजांचा वकील रायगडावर होता आणि त्याच्या लेखी तो दिवस ६ जूनच होता. पण इंग्रज तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर पाळत. पोपने सुधारलेलं ग्रेगोरियन कॅलेंडर त्यांनी स्वीकारलं ते १७५२ साली. गोव्यातल्या पोर्तुगीजांकडे मात्र नवं कॅलेंडर आधीपासून चालू होतं. त्यामुळे ऑक्झेंडेन ज्या दिवशी ६ जून लिहीत होता, त्याच दिवशी गोव्याकडच्या कागदांवर १६ जून पडत होती. सुरतेच्या पहिल्या लुटीचंही असंच. इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदले, म्हणून त्यांच्या वखारीच्या कागदांत जानेवारीतली ही घटना १६६३ सालात पडते. आपण तिला १६६४ म्हणतो. दोन्ही बरोबर. मूळ कागद न पाहता सरळ साल उचलणाऱ्याचा ठिपका मात्र बारा मिलिमीटर सरकतो.

शकावलीची नोंद आणखी बारकाव्यात नेते. तिच्यात राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवारी आहे, तीन घटका रात्र उरलेली असताना. आपण मात्र राज्याभिषेक शक मोजतो तो ज्येष्ठ शुद्ध १३ पासून, आणि ६ जूनला त्या हिशेबाने शनिवार येतो. यात विसंगती दिसते, पण ती नाही. आपल्याकडचा वार सूर्योदयाला बदलतो. तीन घटका म्हणजे बहात्तर मिनिटं. सूर्य उगवायला तेवढा अवकाश होता म्हणून शकावलीच्या लेखी अजून शुक्रवारच होता. त्या शुक्रवारी उजाडताना द्वादशी होती. दिवसा ती संपून त्रयोदशी लागली होती. मध्यरात्री तारीख बदलणाऱ्या इंग्रजाच्या लेखी शनिवार लागलेला होता. तिन्ही नोंदी एकाच क्षणाला येऊन मिळतात, आणि वार जुळतो म्हणून आपल्याला खात्रीने म्हणता येतं की ६ जून ही ज्युलियन तारीख आहे.

संगणक नेमका इथे फसवतो. तो बिघडलेला नसतो, तो आपल्या नियमाला अगदी इमानाने धरून असतो. बहुतेक संगणकी भाषा आजचा ग्रेगोरियन नियम मागे हव्या तितक्या शतकांवर लावतात. जावास्क्रिप्टला ६ जून १६७४ चा वार विचारा. उत्तर येतं बुधवार. म्हणजे त्याने राज्याभिषेकाच्या दहा दिवस आधीची जागा धरली. महाराजांच्या जन्माची नोंद शके १५५१ फाल्गुन वद्य ३, शुक्रवार अशी आहे. १९ फेब्रुवारी १६३० टाकली की संगणक मंगळवार दाखवतो. चुकीची रेघ पडद्यावर इतकी सुबक उमटते की कुणाला शंकाही येत नाही. एक्सेलची तर वेगळीच तऱ्हा आहे. त्याच्या लेखी तारीख सुरू होते १९०० सालापासून. त्याआधीची कोणतीही तारीख त्याला नुसती अक्षरं वाटते, तिच्यावर बेरीज-वजाबाकी होत नाही.

यावरचा उपाय संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. पंचांगकर्ते कलियुगाच्या आरंभापासून गेलेले दिवस मोजतात, त्याला अहर्गण म्हणतात. महिने, अधिकमास, संवत्सरं यांची सगळी गुंतागुंत बाजूला ठेवून दिवसाला नुसता एक आकडा. युरोपात जोसेफ स्कॅलिजरने १५८३ साली वर्षांची अशीच एक अखंड गणना मांडली, आणि खगोलशास्त्रज्ञ आज वापरतात तो दिवसांचा आकडा तिच्यावरच उभा आहे. त्या गणनेत महाराजांच्या जन्माच्या दुपारी २३,१६,४६५ हा आकडा पडतो आणि राज्याभिषेकाच्या दुपारी २३,३२,६४३. वजाबाकी केली की १६,१७८ दिवस. शक, हिजरी, ज्युलियन, ग्रेगोरियन ही सगळी त्या आकड्यावर चिकटवायची लेबलं. कालपट आकड्यांवर आखायचा आणि लेबल वाचणाऱ्याला हवं ते दाखवायचं. कागदावर हे करणं फार कष्टाचं होतं, संगणकाला ते क्षणाचं काम आहे. संगणकाची कालपटाला झालेली सगळ्यात मोठी मदत मला इथे दिसते. चित्रं, नकाशे, आत-बाहेर सरकणारा पडदा ही सोय त्यानंतरची.

तो आत-बाहेर सरकणारा पडदा मोहक आहे यात शंका नाही. विश्वाच्या जन्मापासून आजपर्यंत एकाच पटावर नेणारे प्रकल्प झाले आहेत. पण जवळ गेलं की लांबचं दिसत नाही आणि लांब गेलं की जवळचं पुसलं जातं. साठ सेंटिमीटरांची पट्टी भिंतीवर लावली तर आठ सेंटिमीटरांची दाटी आणि चार सेंटिमीटरांचा विरळपणा एकाच वेळी नजरेत राहतो. म्हणून मुलांकडून पहिला कालपट हातानेच, फूटपट्टीने करून घ्यावा, असं मी आग्रहाने सांगेन.

आता प्रीस्टलीच्या ठिपक्यांकडे वळू. तोरणा नक्की कधी घेतला? दिवस सांगता येत नाही. १६४६-४७ चा सुमार एवढंच हातात आहे. लिहिताना ‘सुमारास’ हा शब्द सगळं सांभाळून घेतो. पट्टीवर मात्र हा ‘सुमार’ बारा-पंधरा मिलिमीटर लांबीचा असतो, आणि तो तेवढाच लांब दाखवला पाहिजे. संगणकाला नुसतं १६४६ हे साल दिलं तर जावास्क्रिप्ट त्याचा अर्थ १ जानेवारी १६४६ असा घेते आणि तिथे एक टोकदार खूण करते. शके १५६८ तर १६४६ च्या मार्चच्या सुमारास सुरू होऊन १६४७ च्या मार्चपर्यंत चालला. म्हणजे ज्या दिवशी तो शक सुरूही झाला नव्हता, त्या दिवशी संगणकाने किल्ला घेऊन टाकला!

महाराजांच्या जन्माबाबतीत तर महाराष्ट्र कितीतरी वर्षं दोन तिथींमध्ये अडकला होता. बखरींच्या आधाराने चालत आलेली शके १५४९ वैशाख शुद्ध २, म्हणजे १६२७ चा एप्रिल, आणि जेधे शकावलीने पुढे आणलेली शके १५५१ फाल्गुन वद्य ३. परमानंदाच्या शिवभारतातही हीच दुसरी तिथी आहे, आणि पुढे राज्य सरकारने १९ फेब्रुवारी १६३० मान्य केली. मजकुरात हा वाद तळटीपेत मावतो. पट्टीवर रेघ सुरू कुठून करायची, हे ठरवल्याशिवाय पेन्सिल पुढे जात नाही, आणि ठरवलं की त्याचे परिणाम सगळ्या रेघभर पसरतात: अफझलखानासमोर उभे राहिलेले महाराज एकोणतीस वर्षांचे की बत्तीस वर्षांचे? मला पुरावा १६३० च्या बाजूने भक्कम वाटतो, म्हणून मी सलग रेघ तिथून ओढीन आणि तिच्या डावीकडे चौतीस मिलिमीटर ठिपके देईन, म्हणजे या जागी वाद झाला होता हे पुढच्याला कळेल. संगणकातही ही सोय करता येते. तारखा लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाला २०१९ मध्ये जी जोड मिळाली, तिच्यात सालापुढे प्रश्नचिन्ह घातलं की ‘शंकास्पद’ आणि नागमोडी खूण घातली की ‘अंदाजे’ असा अर्थ होतो. खेद याचा की कालपट आखणाऱ्या पुष्कळशा आज्ञावली या खुणा वाचतच नाहीत. त्यांना वर्ष, महिना, दिवस असे तीन रकाने भरून हवे असतात आणि शंकेसाठी रकानाच नसतो.

यापुढची पायरी पेशवाईच्या कागदांत आहे. ती पत्रं पाहिली की लांबीचा प्रश्न अगदी वेगळ्या बाजूने समोर येतो. तिथे तारीख बहुधा ‘छ’ या अक्षरामागे हिजरी महिन्यात लिहिलेली असते: छ ५ जिल्काद, छ ११ रबिलाखर. अनेक पत्रांत वर्षच नसतं, कारण लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊक होतं. असलंच तर सुहूर सन असतो, अरबी संख्याशब्दांत लिहिलेला आणि मृगाला बदलणारा. मोडकांची आणि खऱ्यांची जंत्री उघडून, पत्रातल्या माणसांचा ठावठिकाणा दुसऱ्या पत्रांशी ताडून साल बसवण्यात आपल्या संशोधकांच्या पिढ्या गेल्या. हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचं. त्यामुळे एका सालाची चूक झाली तर पत्र पटावर अकरा दिवस कमी एक वर्ष सरकतं आणि पावसाळ्यातली मोहीम भलत्याच वर्षात जाऊन पडते.

या पत्रांवर बऱ्याचदा दोन तारखा असतात. एक लिहिल्याची, दुसरी पोचल्याची. पोचल्याच्या तारखेआधी ‘पै॥’ अशी खूण असते. आता आडव्या पट्टीला उभं मापही द्या: आडवा काळ, उभी वाट, वर पानिपत, खाली दिल्ली, ग्वाल्हेर, भेलसा, बऱ्हाणपूर, अगदी तळाला पुणे. आगगाड्यांची वेळापत्रकं फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात अशीच काढत. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरपी रेघ, जितकी उभट तितकी वेगवान. आपल्या पटावर गाडीच्या जागी पत्र येतं. लिहिल्याचा ठिपका वर, पोचल्याचा खाली, आणि दोहोंना जोडणारी तिरपी रेघ म्हणजे जासुदाची दौड.

या पटावर १४ जानेवारी १७६१ ला पानिपतच्या ओळीवर ठिपका पडतो. नानासाहेब पेशवे तेव्हा कुमक घेऊन उत्तरेकडे निघाले होते. त्यांना बातमी कळली ती भेलशाला, २४ जानेवारीच्या सुमारास, एका सावकारी पत्रातून. पानिपतच्या ओळीवर युद्ध संपलेलं आहे आणि पेशव्यांच्या ओळीवर भाऊसाहेबांची फौज अजून दहा दिवस उभी आहे. १४ ते २४ जानेवारीच्या मधली पेशव्यांची कूच, त्यांच्या आज्ञा, त्यांनी केलेला रसदेचा विचार, सगळं त्या उभ्या असलेल्या फौजेसाठी होतं. ‘पानिपतची तारीख’ एकच ठेवून तपासलं तर त्या दहा दिवसांतले त्यांचे निर्णय वेडेपणाचे वाटतात. तिरप्या रेघेने तपासलं तर त्यांच्या हातात तेव्हा जे होतं त्यावरूनच त्यांनी घेतलेले ते निर्णय आहेत, हे कळतं.

राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पानिपतच्या मोहिमेची पत्रं वाचकांसमोर आली. पेशवे दफ्तरातली पत्रं पुढे १९३० नंतरच्या काही वर्षांत पंचेचाळीस भागांत छापली गेली. या छापील पत्रांपैकी ज्यांच्यावर दोन्ही तारखा आहेत ती वेगळी काढून त्यांचे दिवसांचे आकडे मांडायला आज साधी संगणकी कोष्टकं पुरतात. रेघा ओढायला सुरुवात कुठूनही करता येईल; मी १७६० च्या ऑगस्टातल्या दिल्लीपासून करीन, कारण तिथून पुढे एकेका पत्राला लागणारे दिवस पाहत गेलं तर मागची वाट कधी तुटली, तेही पटावरच उमटेल.